पांढऱ्याला आंबट

भागिरथीबाई शेजवळ कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरल्या की आधी काही बोलत नाहीत. चपला दाराशी काढतात, पदर कमरेला खोचतात आणि भिंतीजवळ जाऊन अंगठ्याचं नख टाइलवरून खाली ओढतात. नखात जे येतं ते चिमटीत चोळतात, त्याचा वास घेतात. घरातली बाई तोवर शेजारी ओशाळून उभी असते. वेळच मिळत नाही, पोरांच्या परीक्षा होत्या, असं तिचं काहीतरी चाललेलं असतं. ते भागिरथीबाईंच्या कानात शिरत नाही.

"फोडनीचं हाय," त्या सांगतात. "दोन दिवाळ्या झाल्या. वरून कारखान्याची काजळी बसलीय. उद्या येते. पानी तापवून ठेवा."

घासायला येणाऱ्या बाईसाठी मी 'त्या' लिहिते, हे काही जणांना खटकतं. खटकू दे. एकसष्ट वर्षांचं वय आहे त्यांचं.

आमच्या देवळाली प्रवरा भागात चारी दिशांना ऊस आणि चारी दिशांना कारखाने. गाळप सुरू झालं की भुशाची बारीक काजळी हवेतून येते आणि वाळत घातलेल्या सदऱ्यावर, पापडांवर, दुधाच्या पातेल्यावर बसते. फॅनच्या भोकातून ती स्वयंपाकघरात शिरते, तिथे फोडणीच्या तेलाची वाफ तिची वाटच बघत असते. दोघींचं एकदा जमलं की जाहिरातीतला कुठलाही फवारा त्यांना वेगळं करू शकत नाही. त्यात बोअरचं पाणी जड. नळाच्या बुडाशी, बेसिनच्या कडेला पांढरा थर धरतो, चुन्यासारखा टणक. म्हणजे एकाच ओट्यावर काळंही आणि पांढरंही.

भागिरथीबाईंच्या मते जगात घाण दोनच प्रकारची. तेलकट आणि पांढरी. तेलकटाला खारं लागतं, म्हणजे राख किंवा धुण्याचा सोडा. पांढऱ्याला आंबट लागतं, म्हणजे चिंच, ताक, पिळलेल्या लिंबाची साल. तेलावर लिंबू चोळत बसलात तर दिवस जाईल आणि पांढऱ्यावर सोडा ओतलात तर सोडा जाईल. आमच्या ओळखीच्या एका विज्ञानाच्या मास्तरांना मी हे सांगितलं. त्यांनी कागदावर चिन्हं काढली, बाण काढले, पाठपोट कागद भरला आणि शेवटी म्हणाले, "बाई बरोबर बोलतात." मी म्हटलं, सर, बाई बरोबर बोलतात हे कळायला तुम्हाला एवढा कागद लागला?

घासायचं काम त्या सगळ्यात शेवटी करतात. सोड्याच्या कढत पाण्यात जुन्या धोतराचा तुकडा भिजवून भिंतीला चिकटवतात, वर फाडलेली प्लास्टिकची पिशवी लावतात आणि निवांत बसून घेतात. त्याला त्या पोटीस म्हणतात. गळवाला बांधतात ते.

"दम धरला की आपसूक सुटतंय," त्या म्हणतात. "रागारागानं घासलं की टाईल जाती आन् चिकटा तितंच ऱ्हातो."

हे बोलताना त्या माझ्याकडे का बघतात ते मला चांगलं माहीत आहे.

राखेची ओळख त्यांना नवऱ्याकडून झाली. रंभाजी शेजवळ कारखान्यात बॉयलरवर हंगामी कामगार होते. पाळी संपली की गोणपाटात भुशाची राख घेऊन यायचे. नेवाशाकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेली सतरा वर्षांची पोर ती राख फडक्यातून गाळायची आणि घरातली चार भांडी अशी घासायची, की वरच्या आळीतल्या बायका बघायला आल्या. बघून गेल्या आणि कामाला बोलावणं धाडलं. काम अंगणातलं, मागच्या मोरीवरचं. बौद्ध वस्तीतली बाई घरात कशी घ्यायची? भागिरथीबाईंनी लखलखीत करून ठेवलेलं पातेलं घरातली बाई वरून पाणी शिंपडून उचलायची. म्हणजे ज्या हाताने घाण गेली, तोच हात धुऊन काढायचा.

पुढे बंगले झाले, ओट्यांवर विजेच्या चिमण्या आल्या. वर्षभरात त्या चिमण्यांतून वरणात तेल ठिबकायला लागलं. आतली स्टीलची जाळी निघेना, निघाली तर साफ होईना. आणि अख्खी चिमणी काही मोरीवर नेता येत नाही. तेव्हा आतून हाक आली, "भागिरथी, ये गं आत." चिमणीचा चिकटा निघत नव्हता म्हणून उंबऱ्यावरची जात निघाली, असं मी घरकामगार बायकांच्या सभांमध्ये सांगते. टाळ्या पडतात. एकदा भागिरथीबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सभा संपल्यावर म्हणाल्या, "निघाली कुठं, रेश्मा? नुसती मऊ झालीया. पोटीस आजून काढायचं न्हाई."

आता ओट्याची गोष्ट. गेल्या भाद्रपदातली.

घट बसायच्या आधीचा पंधरवडा म्हणजे आमच्याकडे घरं उलटी करायचे दिवस. गोधड्या पाटाच्या पाण्यावर, डबे अंगणात, पितळेचे देव चिंचेच्या पाण्यात. भागिरथीबाईंच्या स्वतःच्या घरी घट बसत नाही, पण वर्षाचं निम्मं काम त्यांना याच पंधरवड्यात मिळतं. अकरा घरं ठरलेली होती. सोमवारी सकाळी बचत गटाच्या ग्रुपवर सीमावहिनींचा आवाज आला. सीमावहिनी म्हणजे आप्पासाहेबांच्या मंडळी. मळ्यातला मोठा बंगला त्यांचा, आणि गटाच्या अध्यक्षही त्याच.

"बायांनो, ऐका गं," वहिनी बोलत होत्या. "भागिरथीला घरात घ्यायच्या आधी विचार करा. माझ्या कडप्प्याच्या ओट्याची तिनं पार वाट लावली. ॲसिड ओतलंय तिनं. बेसिनपाशी पांढराफटक पडलाय. वीस वर्षं जपलेला काळाभोर ओटा माझा! घट तोंडावर आलेत आन् मला त्याच्याकडं बघवंना. आपापल्या घरात नजर ठेवा."

दुपारपर्यंत सहा घरांनी भागिरथीबाईंना फोन केले. यंदा राहू द्या, पाहुणे यायचेत. सहाही घरांत एकदम पाहुणे!

मी स्कूटी काढली आणि त्यांच्या दारात जाऊनच थांबवली. भागिरथीबाई उंबऱ्यावर बसून नारळाच्या शेंड्या पिंजत होत्या. आत बाजेवर रंभाजीबाबा.

"मावशी, उठा," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता जायचं. माफी घेतल्याशिवाय दारातून हलायचं नाही. पत्रक मी रात्रीत छापून घेते. मळ्यातल्या बंगल्यासमोर साठ बायका बसवते की नाही बघा."

"बस. पानी पी."

"पाणी नको मला."

"मंग नुसती बस. आन् ते बोलनं पुन्यांदा लाव."

मी मेसेज पुन्हा लावला. त्यांनी पिंजणं थांबवून ऐकला.

"कुठं पांढरं पडलं म्हनली?"

"बेसिनपाशी."

"बेसिनपाशीच?"

"काय फरक पडतो, मावशी? तुम्ही ओतलंत का?"

"मी परवा गेल्ते. चिमनीची जाळी केली, भित केली आन् आले. ओट्याला हात पन लावला न्हाई." मग जरा वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "बेसिनपाशीच का पडावं पन?"

आतून रंभाजीबाबा म्हणाले, "रेश्माताई, हिनं सकाळधरनं तोंडात घास घातला न्हाई. तिला वाईज समजावा."

"मला काय समजावती ती?" भागिरथीबाईंनी शेंडीचा चेंडू वळून बाजूला ठेवला. "मला शेत न्हाई, शाळा न्हाई. ह्या हाताचं नाव तेवढं हाय. ते गेलं तर मला ओट्याला कोन शिवू दील? पुन्यांदा मोरीवर जाऊ का म्हातारपनी?"

मी स्कूटीची किल्ली पुन्हा हातात घेतली.

"चला की मग," मी शेवटी म्हटलं.

"येते. पन ऐक. माफी नको मला. माफीचं काय करू मी? ज्या तोंडानं बोलली त्याच तोंडानं, ज्या बायकांनी ऐकलं त्याच बायकांना खरं कळलं पायजे. एवढंच. आन् आधी मला ओटा बघू दे. ओटा बघितल्याबिगर तू तोंड उघडायचं न्हाई."

मी कबूल केलं. पाळलं नाही, पण कबूल केलं.

बंगल्याच्या दारात सीमावहिनी उभ्याच होत्या.

"पुढारीण घेऊन आलीस होय गं भागिरथी?"

"त्यांनीच मला आणलंय, गाडी माझी असली तरी," मी म्हटलं. "म्हटलं वहिनींचा चहा पिऊन यावं."

"या की. चहाबरोबर नुकसान पण बघा."

ओटा खरंच बघवत नव्हता. काळ्या कुळकुळीत कडप्प्यावर बेसिनच्या कडेने दोन पंजे मावतील एवढा पांढुरका डाग, त्यातून कडेपर्यंत ओघळ, आणि डागाच्या शेजारी एक गोल कडं. बाटली ठेवल्यासारखं. भागिरथीबाई वाकल्या. नख ओढलं नाही, बोटाचं टोक फिरवलं. मग दाराआड उभ्या असलेल्या धनश्रीला हाक मारली. धनश्री म्हणजे या घरची सून, मे महिन्यात लग्न होऊन श्रीगोंद्याहून आलेली.

"पोरी, हितं ये. नळाच्या बुडाशी पांढरं हाय ना, त्याच्यावर बोट फिरव. कसं लागतंय?"

"वर आल्यासारखं. थर आहे."

"आता ह्याच्यावर फिरव."

धनश्रीने डागावर बोट फिरवलं. "हे... खाली गेल्यासारखं लागतंय. खरखरीत."

"ते चढलेलं हाय. हे खाल्लेलं हाय. आंबटानं दगड खाल्लाय." त्यांनी त्या गोल कड्यावर बोट ठेवलं. "आन् अशा बुडाची बाटली माझ्या पिशवीत न्हाई, वैनी. माझ्याकडं डबा आसतो सोड्याचा."

झालं! मला तेवढंच हवं होतं. "सीमावहिनी," मी सुरू केलं, "आता बाथरूममधली बाटली आणा आणि या कड्यावर ठेवून दाखवा, म्हणजे..."

"मावशी," धनश्री मध्येच म्हणाली. आवाज अगदी बारीक. "तुम्हीच म्हणाला होतात."

मी तिच्याकडे वळले.

"तुम्ही चिमणी करत होतात तेव्हा मी विचारलं होतं, नळाचं पांढरं कशाने जाईल? तुम्ही म्हणालात, पांढऱ्याला आंबट लागतं. तुम्ही गेल्यावर मला ओट्यावर बेसिनच्या कडेलाही तसंच पांढरं दिसलं. घरात लिंबू नव्हतं. बाथरूममध्ये ॲसिड होतं. मला वाटलं, ते जास्त आंबट असतं, लवकर निघेल."

"घ्या!" सीमावहिनींनी टाळी वाजवली. "ऐका आता, पुढारीण! हिनंच शिकवलं."

मी भागिरथीबाईंकडे बघितलं. नाही म्हणा, मी मनात म्हणत होते. आठवत नाही म्हणा. काहीही म्हणा.

"म्हनले हुते," भागिरथीबाई म्हणाल्या.

"मावशी!"

"तू गप गं. म्हनले हुते ते हुतेच. नळाचं इचारलं, नळाचं सांगितलं. दगडाचं सांगायचं ऱ्हायलं."

राहणारच. आमच्या वयाच्या बाईला कडप्प्यावर लिंबू कापू नये हे कुणी सांगावं लागत नाही. सांडलेलं ताकसुद्धा आम्ही धावत जाऊन पुसतो. पण धनश्रीच्या माहेरी ओटा ग्रॅनाइटचा. त्याच्यावर लिंबं कापली काय आणि चिंच कोळली काय, त्याला ढिम्म होत नाही. तिला कोण सांगणार होतं?

मला मात्र दुसरंच काहीतरी टोचत होतं. "धनश्री," मी विचारलं, "डाग पडल्यावर तू सासूबाईंना नेमकं काय सांगितलंस? शब्दात सांग."

"म्हणाले, आई, मावशींनी सांगितलं होतं."

"आणि वहिनी, तुम्ही ग्रुपवर काय सांगितलंत?"

"तेच की."

मी मोबाईल काढून लावला. *ॲसिड ओतलंय तिनं.* स्वयंपाकघरात वहिनींचाच आवाज घुमला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावणार तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "बास झालं."

"सांगितलं आणि ओतलं, यांत फरक आहे ना, वहिनी? स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत जाताना एवढा शब्द फिरला?"

"अगं, मी घाईत होते. ती सांगितलं म्हणाली, मला वाटलं केलं म्हणतीय. घरातल्या सुनेनं असं केलं असंल हे माझ्या मनात तरी येईल का?"

"नाहीच येणार. मनात भागिरथीच येणार. ती..."

"रेश्मा," भागिरथीबाई म्हणाल्या, "वॉटर पेपर लागतील. जाडा, मधला, बारीक आन् लई बारीक. गाडी रंगवायच्या दुकानात मिळत्यात. फोन कर."

माझं वाक्य तिथेच राहिलं. फोन आप्पासाहेबांना केला, ते बाजारातच होते. अर्ध्या तासात पॉलिश पेपरांची गुंडाळी घेऊन आले आणि म्हणाले, "कुणाची गाडी रंगवताय?" मग ओट्याकडे बघून, "असं होय," म्हणाले आणि टोपी काढून जेवणाच्या टेबलाशी बसले.

दगड घासायचं भागिरथीबाई फरशी पॉलिश करणाऱ्या गड्यांकडून शिकल्या होत्या, शिकवल्याशिवाय. नव्या बंगल्यांची सफाई करायला त्या गेल्या की ते लोक शेवटचा हात मारत असायचे. त्यांनी काय कशानंतर वापरलं ते यांनी बघून ठेवलेलं.

आधी सोड्याचं पाणी ओतलं. "आंबट आजून आत बसलेलं आसतंय, त्याला आधी गप करायचं," धनश्रीला सांगणं चालू होतं. मग लाकडाच्या तुकड्याला जाडा पेपर गुंडाळून, पाणी टाकत, गोल गोल. काळी राड निघायची, पुसायची, वाळू द्यायचं, तिरप्या उजेडात बघायचं, पुन्हा पाणी. धनश्रीला एक बाजू दिली. मला दुसरी दिली, आणि पाच मिनिटांत काढून घेतली.

"मोर्चा न्हाई काढायचा, रेश्मा. दगड हाय तो."

आप्पासाहेब टेबलाशी बसून खुदकन हसले. सीमावहिनींनाही हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं.

धनश्री घासता घासता विचारत होती आणि भागिरथीबाई आता प्रत्येक गोष्ट पुरी सांगत होत्या. जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्याला सोडा लावायचा नाही, काळं पडतं. पितळेला आंबट चालतं, पण लगेच धुवायचं. शेगडीच्या बर्नरला सोड्याचं कढत पाणी, पण बर्नर पितळेचा असेल तर फार वेळ नाही. आंबट आणि खारं एकत्र ओतायचं नाही, दोघं एकमेकांना मारतात आणि घाण मजेत बघत बसते. ॲसिड आणि ब्लीचिंग तर चुकूनसुद्धा एकत्र नाही, छातीत धूर जातो. धनश्रीने मध्येच मोबाईल काढला.

"काय करती?"

"लिहून ठेवते, मावशी."

"लिहून ठिवलं की डोक्यातनं जातं. घास तू."

मधला पेपर झाला तेव्हा वहिनींनी चहा आणला. मी कप बघून घेतले, सवय आहे. सगळे एकाच नक्षीचे होते. मी माझा उचलला.

लई बारीक पेपर फिरला, ओटा कोरडा पुसला आणि भागिरथीबाईंनी तळहातावर खोबरेल घेऊन डागाच्या जागी चोळलं. काळं परत आलं. एकदम नाही, पाण्यातून वर यावं तसं. सीमावहिनी पुढे आल्या, वाकून बघितलं, हात फिरवला. त्यांच्या तोंडून "आगं बया" निघालं आणि त्यांनाच ते आवडलं नाही बहुतेक.

कडेपाशी अंगठ्याएवढी जागा मात्र करडीच राहिली. ओलं असताना दिसत नव्हती, वाळली की दिसायची.

"तेवढं ऱ्हानार," भागिरथीबाई म्हणाल्या. "तितं बाटली सांडली आसंल आधी. दगडच गेला, तो मी कुठनं आनू?"

"एवढ्याचं काही नाही," वहिनी म्हणाल्या. "वर मिठाची बरणी ठेवीन."

"बरनी नका ठेवू. ऱ्हाऊ द्या उघडं. पोरीच्या ध्यानात ऱ्हाईल. माझ्या बी."

मग त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि उभ्या राहिल्या. गेल्या नाहीत. नुसत्या उभ्या. वहिनींना कळलं. त्यांनी मोबाईल घेतला, चष्मा लावला, दोन बोटांनी बराच वेळ काहीतरी टिपलं आणि माझ्यासमोर धरलं. *भागिरथीबद्दल गैरसमज झाला होता, तरी कोणी मनावर घेऊ नये.* पुढे जोडलेले हात.

"काय लिवलंय?" भागिरथीबाईंनी मला विचारलं. मी वाचून दाखवलं.

"वैनी, मला वाचता येत न्हाई."

"रेश्माने दाखवलं की वाचून."

"मला दाखवलं. गटातल्या निम्म्या बाया माझ्यावानी हायेत, त्यांना कोन वाचून दावनार? तुमी सकाळी बोलला हुता, त्यांनी ते ऐकलं. लिवलेलं त्यांना ऐकू येत न्हाई."

वहिनींनी आप्पासाहेबांकडे बघितलं. ते टोपी घालून उठले. "बोलून टाक," म्हणाले आणि बाहेर गोठ्याकडे गेले.

वहिनींनी बटण दाबून धरलं. "बायांनो, मी सीमा. सकाळचं ते भागिरथीनं नाही केलं, आमच्या सूनबाईनं..."

भागिरथीबाईंनी मोबाईलवर हात ठेवला. "तिचं नाव नको."

"आता का?" मी भडकले. "खरं सांगायचं होतं ना?"

"माझं खरं सांगायचं हुतं. मी केलं न्हाई आन् वैनी चुकीचं बोलल्या, एवढं माझं. कुनी केलं ते घरातलं हाय. पोर नवी हाय, उद्या श्रीगोंद्यापतोर जाईल ते. मी आज दिसभर एकीचं नाव धुवायला आले, दुसरीचं घान करून जाऊ व्हय?"

धनश्री बेसिनकडे तोंड करून नळ पुसत होती. नळ मघाच पुसून झाला होता.

दुसऱ्यांदा वहिनींना मध्येच खोकला आला. तिसऱ्यांदा मात्र त्या सरळ बोलल्या. "बायांनो, मी सीमा. सकाळी मी बोलले ते चुकीचं बोलले. ओट्यावर ॲसिड सांडलं ते आमच्या घरातनंच. भागिरथीनं..." इथे त्या थांबल्या. बटण दाबलेलंच होतं. "भागिरथीबाईंनी ओट्याला हात लावला नव्हता. उलट आज येऊन त्यांनीच तो परत काळा करून दिला. कुणाला बघायचा असंल तर या बघायला."

'बाई' आणि 'त्यांनी', तीस वर्षांत पहिल्यांदा. मी ऐकलं, धनश्रीने ऐकलं, भागिरथीबाईंनी तर ऐकलंच.

"थांबा," भागिरथीबाई म्हणाल्या. "ते पाठवलं का? मंग आता मला बी बोलायचंय."

वहिनींनी मोबाईल त्यांच्या तोंडाशी धरला.

"मी भागिरथी," त्या मोठ्याने म्हणाल्या, फोन लांब आहे तर आवाज तिकडे पोचला पाहिजे अशा बेताने. "पांढऱ्याला आंबट लागतं आसं मी समद्यांना सांगत हुते. ते नळाला. काळ्या दगडाला आंबट लावू नका, फरशीला लावू नका, दगड खातंय ते. मी अर्धंच सांगितलं, ती माझी चूक. ॲसिड तर संडासाशिवाय कुठंच नको. झालं. ठिवा आता."

परत येताना स्कूटीवर मला राहवेना. "मावशी, स्वतःची चूक सांगायची काय गरज होती? वहिनी वाकल्या होत्या. आपली बाजू अख्खी भक्कम होती."

"माझं नाव धुवायचं हुतं का न्हाई?"

"होतं."

"मंग बाहीरनं लखलखीत आन् आतनं खरकटं, आसं पातेलं तू घेशील का?"

मी गाडी चालवत राहिले. पाटाच्या कडेला गोधड्या वाळत होत्या, ऊन उतरलेलं होतं. घरी पोचल्यावर त्यांनी आधी भाकरी खाल्ली. ते बघून मगच मी निघाले.

दुसऱ्या दिवशी सहापैकी चार घरांचे फोन आले. दोन घरांतले पाहुणे मात्र अजून मुक्कामाला आहेत. असू देत. त्यांच्या चिमण्या कधी ना कधी ठिबकतीलच.

पत्रक मी काढलं नाही. पण त्या पंधरवड्यात एके ठिकाणी मी भागिरथीबाईंबरोबर गेले होते. निवृत्त मुख्याध्यापिकेचं घर. बाईंचा आवाज अजूनही प्रार्थनेच्या मैदानावरचा. भागिरथीबाईंनी चपला काढल्या, पदर खोचला, नख ओढलं, वास घेतला. पाणी तापवायला सांगतील म्हणून बाई पातेलं शोधायला वळल्या.

"थांबा," भागिरथीबाई म्हणाल्या. "नळाला आंबट, दगडाला न्हाई. म्हना."

"कळलं हो. ग्रुपवर ऐकलं मी."

"कळलं ते ऱ्हाऊ द्या. म्हना."

मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. मग त्या ओट्याशी सरळ उभ्या राहिल्या आणि स्पष्ट उच्चारात म्हणाल्या, "नळाला आंबट, दगडाला नाही."

"आता पानी ठिवा," भागिरथीबाई म्हणाल्या, आणि धोतराचा तुकडा पिशवीतून काढला.